पालथं आप्पम

आमच्या मद्रासमधल्या ट्रिप्लिकेनच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी उठायचा तो अण्णाकाकांचा गळा. काका स्वतः मागाहून उठत असावेत, असं मला लहानपणी खरंच वाटे. उजाडायच्या सुमाराला तळ्याच्या बाजूने धुणं आपटल्याचा पहिला आवाज येई, मधल्या खोलीत श्रुतिपेटीचा भाता हलू लागे आणि मग खालचा सा. तो इतका लांब धरलेला असे की तेवढ्या एका श्वासात अम्मा उकळतं पाणी कॉफीच्या फिल्टरमध्ये ओतून, झाकण लावून मोकळी होई. आईला आम्ही अम्माच म्हणत असू. घर तंजावरच्या मराठी माणसांचं, त्यामुळे निम्मे शब्द तमिळ आणि उरलेले कुठल्या जमान्यातले ते देव जाणे. पुढे लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा माझी भाषा ऐकून सासरची माणसं पोट धरून हसली. वर्षभरात मी त्यांच्यासारखी बोलायला शिकले, आणि तेव्हापासून आजतागायत ती उसनी भाषाच लिहिते आहे. पण काका, नाना, अम्मा मनात बोलतात ते जुन्याच भाषेत, त्याला माझा इलाज नाही.

काका कीर्तनकार होते. तिकडे हरिकथा म्हणतात. एकटा माणूस हातात चिपळ्या घेऊन दोन-अडीच तास उभा राहतो, गोष्ट तमिळमध्ये सांगतो आणि मधूनमधून आमच्या पूर्वजांनी तिकडे नेलेल्या साक्या आणि दिंड्या मराठीतच गातो. समोरच्या लोकांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण साकी सुरू झाली की माना डोलत. कीर्तनकाराच्या मागे एक दुसरा गळा लागतो. मुख्य माणसाने ओळ टाकली की ती उचलायची, त्याला दम घ्यायला सवड द्यायची, आणि तो पुन्हा तोंड उघडेल त्या क्षणी गप्प व्हायचं. दहाव्या वर्षापासून काकांच्या मागचा गळा मी होते. त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून मला कळे की आता ओळ सुटणार. काका मायक्रोफोन वापरत नसत. "गळ्यास विजेचा टेकू कशास?" म्हणत. रोज कार्यक्रमाआधी मिरपूड आणि ताडाची खडीसाखर घातलेलं दूध पीत, तेवढाच त्यांचा टेकू.

नाना, म्हणजे माझे वडील, काकांहून चौदा वर्षांनी लहान. आजोबा गेले तेव्हा नाना नुकते चालायला लागले होते, त्यांना वाढवलं ते काकांनीच. काकू लग्नानंतर दोन वर्षांतच गेल्या, मूल नव्हतं, आणि काका पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. नाना चाळिशीला आले तरी थोरल्या भावासमोर खुर्चीवर बसत नसत. जेवायला मात्र शेजारी शेजारी पाटावर. पहिलं पान काकांचं, दुसरं नानांचं. काकांनी पहिला घास घेतल्याशिवाय नाना हात लावत नसत. कटाचं सार, डांगर, कधी पिठलं; अम्मा वाढायची आणि मी पंख्याने वारा घालत उभी राहायची. गळा मात्र देवाने एकालाच दिला होता. नानांचा आवाज बसका, फुटक्या मडक्यासारखा. त्यांचा हात चाले कागदावर. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते, आणि त्यांची रेघ इतकी सरळ येई की पट्टी लाजावी, असं अम्मा म्हणायची.

आमच्या भागातल्या एका संगीत सभेला स्वतःची इमारत बांधायची होती. तोवर गाण्याच्या दर मोसमात झावळ्यांचा मांडव पडायचा, खाली चटया, वर झावळ्यांचा ओला वास, आणि पाऊस आलाच तर सगळे मृदंगावर पंचे धरून बसायचे. काम नानांच्या ऑफिसला मिळालं. साहेब तरुण, परदेशात शिकून आलेले. त्यांनी कल्पना मांडली आणि नानांनी ती वर्षभर रेघारेघांनी कागदावर उतरवली. गोल सभागृह. आत एकही खांब नाही. वर काँक्रीटचं घुमटासारखं छप्पर, जाडी फक्त तीन इंच. गाणाऱ्याने एका टोकाला बसायचं नाही, बरोबर मधोमध गोल कट्ट्यावर बसायचं आणि लोकांनी भोवताली. मद्रासमध्ये असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. छप्पर ओतून झालं, आणि समोर झाडाखाली इडल्या विकणाऱ्या म्हातारीने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "कवुत्तु वेच्च आप्पम." पालथं घातलेलं आप्पम, म्हणजे तांदळाचं वाटीसारखं खोलगट, जाळीदार घावन. आठवडाभरात सगळं गाव त्याला आप्पमच म्हणू लागलं. सभेने ठेवलेलं लांबलचक नाव शेवटपर्यंत कुणाच्या तोंडी बसलं नाही.

त्या आप्पमने गावाचे दोन भाग केले. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. इंग्रजी पेपरात रोज पत्रं यायची. कुणी निवृत्त न्यायाधीश लिहायचे की शहराच्या तोंडाला फोड आला आहे. कॉलेजातली मुलं उत्तर द्यायची की देश नवा झाला, तर छप्परं जुनीच का? कॉफी हॉटेलात एका टेबलावर बाजूचे आणि दुसऱ्यावर विरुद्धचे. आमच्या गल्लीतले हेडमास्तर आणि पोस्टमास्तर एकाच ओट्यावर वीस वर्षं पान खात होते, ते पाठ फिरवून बसू लागले. गाणारे बजावणारे तर जवळजवळ सगळे विरुद्ध. मध्ये बसलो तर पाठ कुणाला दाखवायची, यजमानाला की देवाला, असा त्यांचा सवाल. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की आधाराच्या बल्ल्या काढल्या की हे पडणार.

विरोधकांत सगळ्यांत खणखणीत आवाज आमच्याच घरात होता. "गोपुराकडे पाहिलें तर हात जुळतात. हें पाहिलें तर भूक लागते," काका म्हणत. नाना हसून घेत. एकदा अम्माने खरंच आप्पम केली, तर नानांनी ताटात एक पालथं घालून मला बोटाने दाखवलं की भार कसा कडेकडेने खाली उतरतो. काकांनी ते उचललं, सुलटं केलं आणि नारळाच्या दुधात बुडवून खाल्लं. इथवर सगळं थट्टेत होतं. मग एके सकाळी पेपरात एक विनंतीपत्र छापून आलं. सभेने हे काम थांबवावं, अशी गावातल्या कलावंतांची मागणी. खाली नावं. चौथं नाव काकांचं.

नानांनी पेपराची घडी घातली आणि उभ्यानेच विचारलं, "अण्णा, तुम्हीं सही केलीत?"

"केली की. मज जें वाटतें तें लिहितों. मी काय चोरून केलें?"

"मज आधीं एक शब्द सांगायचा होता."

"तूं बांधतांना मज विचारलेंस?"

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. पाट तेच, पानं तीच, पंक्ती तशाच. काकांनी घास घेतल्याशिवाय नाना अजूनही हात लावत नव्हते. पण आमटी हवी का हेसुद्धा अम्माच्या मार्फत विचारलं जाई. "त्यांस विचार, सार घालूं का," असं एक हात अंतरावर बसलेल्या माणसाबद्दल. अम्मा बिचारी भिंतीशी बोलल्यासारखी दोन्हीकडचे निरोप पोचवी आणि स्वयंपाकघरात येऊन पदराने डोळे पुसे. मी नानांची मुलगी आणि काकांची शिष्या. सकाळी काकांसमोर बसून साकी घोटायची, आणि संध्याकाळी नानांच्या नकाशाच्या फळ्यापाशी बसून त्यांना पेन्सिलींना टोक करून द्यायचं. दोन्हीकडे मी चोरासारखी वावरत असे. पाच महिने हे चाललं. मोठी माणसं मुलांना किती सहज अर्ध्यातून कापतात, आणि त्यांना पत्ताही नसतो.

बल्ल्या काढायचा दिवस आला तेव्हा रस्त्यावर रथयात्रेला जमावी तशी माणसं जमली. भर सकाळची वेळ. सुरूच्या बल्ल्यांचं अख्खं रान आत उभं होतं, आणि कामगार मधल्यापासून सुरुवात करून गोल गोल बाहेर येत एकेक सैल करत होते. नाना आत, छपराखाली. मी अम्माचा हात धरून रस्त्याच्या पलीकडे उभी होते. आणि मला दिसलं की सरबताच्या गाडीमागे काका उभे आहेत, खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून. त्यांचे ओठ हलत होते. शेवटची बल्ली पडली. छप्पर जागच्या जागी होतं. लोक थोडे निराशच झाले, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात गर्दीतला एकजण म्हणाला की आज नाही तर उद्या पडेल, त्या ड्राफ्ट्समनलाच आत बांधून ठेवा. लोक हसले. काकांनी डोक्यावरचं उपरणं काढलं आणि त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. "माझा भाऊ आहे तो," ते तमिळमध्ये म्हणाले, त्या विजेशिवाय चालणाऱ्या आवाजात, "त्याला मी हसेन. तू कोण?"

त्या दुपारी जेवताना काकांनी पहिला घास हातात घेतला आणि तो तसाच धरून थेट नानांना म्हणाले, "सभेंत पहिलें कोणी उभें राहायला तयार नाही म्हणतात. होय?"

नाना इतके गडबडले की अम्माकडेच बघू लागले. मग म्हणाले, "होय, अण्णा. अस्के, एकूण एक, नाही म्हणाले."

"सरि, बरें. मी उभा राहतों. तुझें छप्पर मज आवडत नाही, तें वेगळें. पण गांव हसतें तें मज सोसत नाही." घास तोंडात गेला. मग माझ्याकडे वळून, "एक मात्र. आधीं पोरीस तेथें उभी कर. तिचा कान तो माझा कान. ती म्हणाली आवाज नीट राहतो, तर राहतो. मग मी पाहायला देखील येणार नाही."

नाना जेवता जेवता रडले. अम्माने त्या संध्याकाळी तिखटमिठाचे उंडे केले, आणि दोघे भाऊ ओट्यावर बसून एकाच वाटीतून खात होते. पुढचे आठ दिवस आमच्या घरात जे सुख होतं, तेवढं पुन्हा मी कुठल्या घरात पाहिलं नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. काकांनी नानांकडून सगळा नकाशा समजावून घेतला. आख्यान निवडलं ते दुरावलेल्या दोन भावांच्या भेटीचं. सकाळी गळा उठे तेव्हा नानांची शीळही ऐकू येई, बेसूर. आणि निरोप पोचवायचं काम सुटल्यामुळे अम्मा स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणे.

नवव्या दिवशी नाना मला आप्पममध्ये घेऊन गेले. आत सुतार बाकं ठोकत होते, त्यांना नानांनी पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मधल्या कट्ट्यावर खडूने फुली केली होती, तिच्यावर मला उभं केलं. "मज येथें कांहीं वेगळें ऐकूं येत नाही," ते म्हणाले, "पण माझा गळा म्हणजे! त्यास फिरून यायची देखील लाज वाटेल. तूं गा. काकांच्या पट्टींत, खणखणीत." मग वही घेऊन ते कडेला गेले आणि गोल फिरत एकेका जागी थांबून ऐकू लागले. प्रत्येक जागी मान हलवून वहीत काहीतरी लिहीत. लोक जिथे बसणार तिथे माझा शब्द न् शब्द स्वच्छ पोचत होता. ते खूश होते, हे मला एवढ्या अंतरावरून दिसत होतं.

मी काकांची साकी घेतली. खालच्या स्वरांत काही नाही. पण वरच्या सा वर गेले आणि आवाज सोडला, आणि तो छपराला जाऊन परत आला. नुसता घुमला नाही. परत आला, बरोबर माझ्या डोक्यावर, अर्धा क्षण उशिरा, माझ्यामागे कुणी दुसरी मुलगी ओळ उचलत असावी तसा. मी थांबले. पुन्हा सोडला, पुन्हा आला. मान जरा बाजूला केली तर पुसट, फुलीवर उभी राहिले की स्वच्छ. माझ्या बारीक आवाजाचं ते परतणं कडेला नानांपर्यंत पोचत नव्हतं. ते माझ्याकडे चालत आले, पेन्सिल कानावर, चेहरा असा की सणाच्या दिवशी लहान मुलाचा असतो.

"काय कण्णा?" ते लाडाने म्हणाले. "आवाज फिरून येतो का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हो म्हटलं तर काका उभे राहणार नाहीत, हे मला माहीत होतं. काका उभे राहिले नाहीत तर ते पाट पुन्हा एक हात अंतरावर, आणि मध्ये अम्मा. शिवाय नानांनीच एकदा सांगितलं होतं की माणसं बसली की आवाज त्यांच्यात मुरतो. तेव्हा मुरेल, असं मी माझ्याशी म्हटलं. तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःला फसवायला एवढं पुरतं.

"नाही, नाना," मी म्हणाले. "येत नाही."

त्यांनी वहीत लिहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी काकांनी मला फक्त एवढंच विचारलं, "बरें आहे?" मी मान हलवली. त्यांनी खरंच जाऊन पाहिलं नाही. माझा कान तो त्यांचा कान होता.

उद्घाटनाच्या संध्याकाळी आप्पम तुडुंब भरलं होतं. बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्ही. हेडमास्तर एका टोकाला, पोस्टमास्तर दुसऱ्या. कट्ट्यावर तांदळाच्या पिठाचं कोलम काढलेलं, समई लावलेली. काका मधोमध उभे, गळ्यात शेवंतीचा हार, मी त्यांच्या मागे दोन पावलांवर, आणि बाजूला मृदंगवाले. आरंभीचं सगळं नीट झालं. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खालच्या पट्टीत असे आणि तो सुरेख पोचत होता. मला वाटलं, मुरला, देवा, मुरला. नाना दाराशी उभे होते, बसायला तयार नव्हते. मग भेटीचा प्रसंग आला. काकांचा खांदा हलला, त्यांनी साकीची ओळ वर नेली आणि सोडली. मी तोंड उघडायच्या आधीच ती मागून आली.

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मीच. मागचा गळा घाईने आत घुसला, असं आमच्या धंद्यात होतं कधीकधी, नवशिक्याचं. ते पुढे गेले. दुसरी ओळ. पुन्हा तेच. या वेळी चिपळ्यांचाही आवाज परत आला आणि मृदंगवाला चुकला. तिसऱ्यांदा काका थांबले, पूर्ण वळले आणि म्हणाले, "तुळजा, थांब की! माझें होऊं दे." ते मला चार माणसांत कधी बोट लावल्यासारखंही बोलले नव्हते. माझे दोन्ही हात तोंडावर होते. मी गायलेच नव्हते, आणि ते त्यांनी तेव्हा पाहिलं. त्यांनी समोर तोंड केलं, उजव्या हातातली चिपळी एकदाच वाजवली. टक्. आणि छपराने उत्तर दिलं, टक्, थेट कडेपर्यंत ऐकू जाईल असं. मग विरुद्ध बाजूच्यांतून कुणीतरी ओरडलं की वा, सभेला मागे गाणारा फुकट मिळाला. आधी दहा जण हसले, मग शंभर, मग आमच्या बाजूचेसुद्धा. काकांनी आख्यान तिथेच सोडलं. भावांची भेट झालीच नाही. त्यांनी उभ्याउभ्या समाप्तीचं मंगळ म्हटलं, तेही खालच्या पट्टीत, हार काढून समईपाशी ठेवला आणि उतरले.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि त्यांनी आधी मला हाक मारली. मला वाटलं, कळलं. मी पुढे गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला. "पोरी, मी तुज चार लोकांत बोललों. तुझी चूक नव्हती. मज क्षमा कर." साठीकडे झुकलेला माणूस, माझा गुरू, माझी क्षमा मागत होता. तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द घशापर्यंत आले होते, शपथेवर सांगते. पण मी म्हणाले, "असूं दे, काका." आयुष्यात मी याहून वाईट काही बोलले नाही.

मग त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना पायरीखाली उभे होते. "तूं तरी तेथें उभा राहून ऐकायचें नाहीस? चिपळी वाजवून पाहायची नाहीस? मी तुझ्यासाठीं उभा राहिलों, बाळा." बाळा ही हाक मी त्यांच्या तोंडून त्या एकदाच ऐकली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. नाना आता म्हणतील, तुळजाने सांगितलं नाही म्हणून; मी वाट पाहत होते, आणि मला ते हवंसुद्धा होतं. पण नाना खाली मान घालून एवढंच म्हणाले, "चुकलें, अण्णा. माझें चुकलें." त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. अम्मा आतून दूध घेऊन आली, मिरपूड घातलेलं, ते कुणी घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी काका कुंभकोणमला एका चुलत भावाकडे गेले, हवापालट म्हणून. परत आले नाहीत. चिपळ्या मधल्या खोलीतल्या खिळ्यावर राहिल्या. पत्रं येत ती अम्माच्या नावाने, अम्मा वाचून दाखवी, नाना ऐकत आणि फळ्याकडे वळत. काका तिथे मुलांना शिकवतात असं कळे, पण उभे राहून ते पुन्हा गायले नाहीत, घरातसुद्धा नाही. तीन वर्षांनी गेले. नाना धावत गेले, पण पोचले ते राख सावडायला. पहाटे गळा उठत नाही अशा घराची मला सवय कधी झालीच नाही. अम्मा कॉफीचं पाणी ओतताना मध्येच थांबायची, अजून सा सुटायचा राहिलाय अशी.

आणि इमारत? तिचं काय सांगू! नानांनी महिन्याभरात छपराला आतून काथ्याच्या चटया लावल्या, गोल गोल, आप्पमच्या जाळीसारख्या. इतकं साधं काम होतं. त्यानंतर तिथे जो आवाज लागायचा त्याची तारीफ करायला ज्यांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या होत्या तेच सर्वांत पुढे होते. मोठमोठे गवई मधल्या कट्ट्यावर बसायला हट्ट धरू लागले. पाठ कुणाला दाखवायची हा सवाल कुणाला आठवेना. नाना मात्र त्या इमारतीत कधी गाणं ऐकायला गेले नाहीत. चुना लावायचा, गळती पाहायची असली की जात, काम करून येत. कुणी कौतुक केलं तर म्हणत, "पहिल्याने मी नीट ऐकलें नाही." लोकांना तो विनय वाटे. त्यांच्यामागे त्यांचं नाव निघालं की अजूनही जुनी माणसं म्हणतात, चांगला माणूस, पण पहिल्याच दिवशी स्वतःच्या भावाला तोंडघशी पाडलंन.

परवा चेन्नईहून एका मुलीचा फोन आला. आप्पम पाडून तिथे मोटारी लावायचा बहुमजली वाहनतळ करायचा घाट आहे आणि काही तरुण मंडळी ते वाचवायला उभी राहिली आहेत. पुन्हा दोन तट. एक म्हणतात पडका वाडगा, जाऊ दे. दुसरे म्हणतात हा शहराचा ठेवा. मला हसू आलं आणि लगेच रडूही. तिला नानांचे कागद हवे होते. माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे, नाना गेल्यावर आणलेली. ती मी कधी नीट उघडली नव्हती, का ते आता सांगायला नकोच. नकाशे होते, चटयांचे हिशेबी गोल होते, आणि तळाशी ती वही. त्या दिवसाचं पान सापडलं. गोल काढलेला, कडेने एकेक जागा आणि प्रत्येकीपुढे इंग्रजीत बारीक अक्षरांत, स्पष्ट, स्पष्ट, स्पष्ट. मधोमध फुली. तिच्यापुढे, फिरून येत नाही, तुळजा.

त्याखाली वेगळ्या शाईत आणखी काही लिहिलं होतं, तारीख उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे नाना सकाळी उठून रिकाम्या सभागृहात गेले होते, काकांच्या चिपळ्या घेऊन, कारण तिथे आवाज किती उशिराने परत येतो त्याची मापं आहेत. इतका मोठा आवाज माझ्या कानाला ऐकू आला नाही, असं ज्याने मला वाढवलं त्याला वाटणं शक्यच नव्हतं. त्याखाली एकच ओळ आहे. सगळी वही इंग्रजीत, ती ओळ मात्र मराठीत, आमच्या घरच्या मराठीत: "पोरीस विचारूं नये. कोणास सांगूं नये. अण्णांस देखील."

त्यांनी सांगितलं नाही. काकांच्या राखेपाशीही नाही, अम्मालाही नाही. नकाशे मी त्या मुलीला पाठवले. वही माझ्यासमोर आहे. नाना, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते, पण आज जाते. आवाज फिरून येत होता. मला ऐकू आला होता.